आमच्या बालवाडीबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

एप्रिल उजाडला की तेच तेच प्रश्न यायला लागतात, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतं, कोणी गेटवर, कोणी भाजी घेताना रस्त्यात थांबवून. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. आमची डोंबिवलीतली छोटी मराठी बालवाडी, सकाळी ९ ते पावणेबारा, तीन वर्ग, वर्गात जास्तीत जास्त २० मुलं, एक ताई आणि एक मावशी. काही उत्तरं लांबलीयेत, त्याला इलाज नाही.

प्रवेशाला वय किती लागतं?

राज्य शासनाने ३१ डिसेंबर ही तारीख धरलीये. ज्या वर्षी जूनमध्ये प्रवेश घ्यायचा त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३ वर्षं पूर्ण व्हायला हवीत, छोट्या शिशूला ४, मोठ्या शिशूला ५, आणि मग पहिलीला ६. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये अडीच वर्षांचं असतानाच येतं आणि जानेवारीत जन्मलेलं जवळजवळ साडेतीनचं होऊन येतं. एकाच वर्गात हे दोघं शेजारी बसतात, तेव्हा "त्याला येतं मग हिला का येत नाही" असं विचारण्याआधी जन्मतारखा बघा.

जानेवारी-फेब्रुवारीवाल्या पालकांचा ठरलेला डायलॉग असतो, "ताई, थोड्या दिवसांसाठी वर्ष वाया जातंय." वाया काही जात नाही हो. पुढे पहिलीत, पाचवीत, दहावीतसुद्धा ते मूल वर्गातल्या मोठ्यांमध्ये असतं, त्याचा फायदाच होतो. आणि जन्मदाखल्यातली तारीख मागेपुढे करायला आम्हाला सांगू नका, दर वर्षी एक तरी जण सुचवतोच.

मुलाचा इंटरव्ह्यू असतो का? काय पाठ करून आणायचं?

काहीही नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ प्रमाणे शाळांना प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची अशी चाळणी लावायला मनाई आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी अडीच वर्षांच्या मुलाला अनोळखी बाईसमोर बसवून सफरचंदाला काय म्हणतात ते विचारण्यात कसली आलीये परीक्षा. फॉर्म घ्यायला याल तेव्हा त्याला सोबत आणा, तो वाळूत खेळेल, आपण बोलू. फॉर्ममध्ये आम्ही तुमचा पगार विचारत नाही, पण तो झोपताना काय धरून झोपतो, कशाला घाबरतो, घरी त्याला काय म्हणून हाक मारता, हे सगळं विचारतो, तेवढं मात्र नीट भरा.

पहिल्या दिवशी रडला तर?

रडणारच. न रडणारी असतात थोडी, पण त्यांतली बरीचशी तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडतात, म्हणजे हे रोजचं आहे असं त्यांच्या लक्षात येतं तेव्हा.

पहिला आठवडा शाळा फक्त एक तास असते आणि आई-बाबा-आजी कोणीतरी एक जण बाहेरच्या बाकावर बसतं. दुसऱ्या आठवड्यात दीड तास, बाकावर कोणी नाही. आमची एकच अट आहे, गुपचूप पळून जायचं नाही. मूल खेळण्यात रमलं की मागच्या मागे सटकायचा मोह होतो, पण मग ते मान वर करून बघतं, आई नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते खेळायलाच जात नाही, तुमच्या ओढणीचं टोक मुठीत धरून दारातच उभं राहतं. त्यापेक्षा सांगून जा, रडलं तरी. आणि "पाच मिनिटांत येते" म्हणू नका, त्याला घड्याळ कळत नाही पण तुम्ही आला नाहीत एवढं बरोबर कळतं. "डबा खाऊन झाला, मैदानावर खेळून झालं, गोष्ट झाली की आजी येईल" असं सांगा. मग ते डब्यानंतर स्वतःच म्हणतं, आता मैदान, मग गोष्ट, मग आजी.

सांगून झालं की मात्र निघा. गेटबाहेरच्या झाडामागे उभं राहून डोकावणारे आजोबा आम्हाला आतून दिसतात आणि नातवालाही दिसतात.

साधारण जुलैच्या मध्यापर्यंत बहुतेक मुलं रुळतात. सोमवारी थोडं मागे जातात, दिवाळीच्या सुट्टीनंतर तर पुन्हा एकदा पूर्ण नाटक होतं, पण ते तीन-चार दिवसांचंच.

रोज नेमकं काय करता?

सकाळी आल्या आल्या चपला काढायच्या आणि मांडणीत ठेवायच्या, स्वतः. ऐकायला दोन सेकंदांचं काम आहे. जून महिन्यात यालाच पंधरा मिनिटं लागतात आणि आम्ही ती लावू देतो. सँडलचा पट्टा ओढून सुटत नाही, आधी ढकलायचा आणि मग ओढायचा, हे मुलाला कळायला किती दिवस लागतात हे बघण्यासारखं असतं, जीभ बाहेर, भुवया चढलेल्या, आणि मागे उभ्या असलेल्या बाबांना राहवत नाही, ते खाली बसून एका झटक्यात पट्टा काढून मोकळे. बाबा, प्लीज, राहू दे.

मग मुक्त खेळ. भातुकली, ठोकळे, बाहुल्यांचं घर, पाण्याचा टब, ज्याला जिथे जायचं तिथे जाऊ दे. मग सगळे गोल करून बसतात, प्रार्थना, गाणी, गप्पा. गप्पांत घरातलं सगळं बाहेर येतं, आधीच सांगून ठेवते. त्यानंतर हातकाम, कधी कणिक, कधी भेंडीचे ठसे, कधी कागद फाडून चिकटवणं. हात धुणं, डबा, मैदान, शेवटी गोष्ट. क्रम कधीच बदलत नाही, आतलं काम रोज बदलतं. पुढे काय येणार हे माहीत असलं की या वयाचं मूल शांत असतं.

घरी विचारलं तर "काही नाही, खेळलो" म्हणतो. मग शिकवता काय?

तो खरं बोलतोय. खेळलाच तो.

आता एक टेबल सांगते. त्यावर दोन वाट्या, एक पळी, एकीत पाणी. पळीने पाणी या वाटीतून त्या वाटीत घालायचं. नर्सरीतलं मूल आधी पळी बुडवतं आणि निम्मं पाणी टेबलावर सांडतं. शेजारी फडकं ठेवलेलं असतं, पुसायचं, परत घ्यायचं. काही दिवसांनी त्याला कळतं की पळी काठोकाठ भरली की सांडते, थोडी कमी भरली की नाही सांडत. हे कोणी सांगितलेलं नसतं. यात मनगट फिरवणं आलं, डोळा आणि हात एकत्र चालणं आलं, अंदाज आला, कमी-जास्त आलं, आणि सांडलं की रडायचं नाही, पुसायचं, हे पण आलं. तुम्ही दारातून बघितलंत तर म्हणाल पोरगं पाण्यात खेळतंय.

छोट्या शिशूत चिंचोके, शिंपले, मोठी बटणं वेगळी करणं असतं, सारखं ते एकत्र, मग लहान-मोठं, मग पाच-पाचचे ढीग. गणित सुरू झालं इथे, फक्त त्यावर पुस्तकाचं कव्हर नाही. नर्सरीला चिंचोके देत नाही, ते नाकात जातात, तिथे बांगड्या आणि मोठी झाकणं.

घरी विचारायचंच असेल तर "काय शिकवलं" नका विचारू. "आज डबा खाताना शेजारी कोण होतं?", "पाणी सांडलं का आज?" असं विचारा, मग ऐकत बसा.

लिहायला कधी शिकवता? शेजारच्या शाळेत तर नर्सरीतच वहीभर लिहितात.

लिहीत असतील. आम्ही नर्सरीत पेन्सिल देतच नाही, खडू आणि ब्रश देतो, आणि छोट्या शिशूतसुद्धा वहीत गिरवून घेत नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावरूनच काही पालक प्रवेश काढूनही घेतात, तरी आमचं उत्तर हेच.

कारण साधं आहे. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली बरीचशी दिसतच नाहीत, कारण तिथे अजून मऊ कूर्चाच असते, हळूहळू तिचं हाड होतं. बोटांची ताकदही तशीच वाढत जाते. अशा हातात पेन्सिल देऊन पानभर "अ" काढायला लावला की मूल पेन्सिल मुठीत धरतं, सगळा जोर खांद्यातून लावतं, पान फाटतं, आणि ती चुकीची पकड मग तिसरी-चौथीपर्यंत सुटत नाही. पहिलीच्या शिक्षिका हेच सांगतात, अक्षरं न येणारं मूल आलं तरी चालेल, पण पकड बिघडलेलं मूल नको.

मग हात तयार कसा होतो? कणिक मळणं, चिमटीने मणी उचलून ओवणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं, कात्रीने गवत कापणं, ओला स्पंज पिळणं. नंतर रेतीत बोटाने रेघा, जमिनीवरच्या मोठ्या फळ्यावर खडूने गोल, वळणं. मोठ्या शिशूत दिवाळीच्या आसपास अक्षरं येतात आणि तीसुद्धा अ आ इ ई या क्रमाने नाही, ग म भ न अशा क्रमाने, जुन्या मराठी शाळांतून चालत आलेली पद्धत आहे ही. उभा काना जमला की त्याला डावीकडे एक वळण जोडून ग, मग म, मग भ, हात एकाच वळणाचा राहतो. आणि चारच अक्षरांत मग, नग, नभ असे शब्दही वाचता येतात. "अ" हे लिहायला किती अवघड अक्षर आहे हे एकदा डाव्या हाताने लिहून बघा, मग कळेल.

दसऱ्याला पाटीपूजन करतो, तेव्हा १ चे आकडे जोडून काढतात ती सरस्वती मोठ्या शिशूतली मुलं स्वतः पाटीवर काढतात. कोणाची तिरकी होते, कोणाची भलतीच गोल होते, घरी नेल्यावर पुसून नीट करू नका.

गृहपाठ?

नाही. घरी काम करून घ्यायचंच असेल तर मटार सोलायला द्या, मेथी निवडायला द्या, सुकलेल्या रुमालांच्या घड्या घालायला द्या. मेथी निवडताना निम्मी पानं जमिनीवर जातील, जाऊ देत.

पुढे इंग्लिश मीडियमला घालायचंय, मग मराठी बालवाडी चालेल का?

चालेल, धावेल. आमच्याकडून निम्मी मुलं इंग्रजी माध्यमात जातात. पहिले काही महिने ती वर्गात गप्प बसतात, मग बोलायला लागतात, कारण गोष्ट ऐकायची कशी, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं कसं, काय झालं ते क्रमाने सांगायचं कसं, हे त्यांना एका भाषेत पक्कं आलेलं असतं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० पण तेच म्हणतं, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा.

आमच्याकडे गुजराती, तेलुगू, कन्नड घरातली मुलंही येतात, कारण शाळा बिल्डिंगच्या खालीच आहे. त्यांनी घरी आपलीच भाषा बोलायची, आम्ही इथे मराठी बोलू, दोन्ही येतात, काळजी करू नका. खरी गडबड तिथे होते जिथे आईबाबा दोघं मराठी आणि मुलाशी मात्र "बेटा कम, शूज घाल, फास्ट फास्ट" असं तिसरंच काहीतरी बोलतात. आणि हल्ली एक नवीनच प्रकार, घरात कोणी हिंदी बोलत नाही पण मूल कार्टून बघून अस्सल हिंदीत "मुझे छोड दो" असं ओरडतं. मावशी म्हणतात, अगं धरलंय कोणी तुला.

तुमची माँटेसरी आहे का?

पाटीवर तसं लिहिलेलं नाही. साधनं बरीचशी त्या विचारातली आहेत, गुंड्या लावायच्या चौकटी, उतरत्या क्रमाचे ठोकळे, सँडपेपरची अक्षरं. पण हा विचार आपल्याकडे ज्या वाटेने आला ती वाट जास्त जवळची आहे, म्हणून थोडं सांगते, नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.

मारिया माँटेसरींनी रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह काढलं १९०७ साली. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या. नंतर ताराबाईंच्या लक्षात आलं की महागडी साधनं, फरशीचे वर्ग हे सगळं शहरातल्या मुलांपुरतंच राहतंय. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यात बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेव्हा तो सगळा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. तिथे त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, माती हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं तर तिथेही येणार नाहीत, त्यांच्यासाठी कुरणशाळा. आज देशभर ज्या अंगणवाड्या आहेत त्या केंद्र सरकारच्या २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या बालविकास योजनेतल्या, पण नाव या टेकडीवरचं.

सांगायचं म्हणजे, साधनं विकत आणलेली आहेत का यावर शाळा चांगली का वाईट ठरवू नका. आमचे चिंचोके पालकांच्याच घरून येतात.

डब्यात काय द्यायचं?

घरात जे असेल ते. पोळीभाजी, पोळीचा लाडू, थालीपीठ, उपमा, इडली, गूळपोळी, वरणभातसुद्धा चालतो, सांडला तर पुसतील. वेफर्स, चॉकलेट, क्रीमची बिस्किटं नकोत. आठवड्याचं टाइमटेबल आम्ही देत नाही, कारण मग मंगळवारी मोड आलेली कडधान्यं संपली म्हणून रात्री अकरा वाजता आई ग्रुपवर विचारते की मटकीऐवजी मूग चालतील का.

दोन गोष्टी मात्र कडक. एक, अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या डब्यात नाही म्हणजे नाही. या वयात घशात अडकतात. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून, दाणे द्यायचे तर कूट करून. दोन, डबा असा द्या की त्याला स्वतःला उघडता येईल. चार बाजूंनी खटके असलेला, आत रबर, वर कार्टून, असा डबा दिसतो छान, पण वीस मुलं एकदम "ताई उघडून दे" म्हणतात तेव्हा खाण्याची वीस मिनिटं त्यातच जातात. नवीन डबा घेतला की घरी रिकामा देऊन उघड-बंद करू द्या.

खाल्लं नाही तर आम्ही आग्रह करतो, भरवत नाही. अर्धा डबा परत आला म्हणजे शाळेत कोणी लक्ष देत नाही असं नसतं. एक मुलगी महिनाभर फक्त पोळीच्या कडा खायची, मधला भाग तसाच परत न्यायची. मग शेजारच्याचं बघून मधलाही खायला लागली, आणि कडा सोडल्या.

अजून डायपर सुटलं नाहीये, घ्याल का?

हो. सांगून ठेवा म्हणजे झालं. घरी शी-शूला काय म्हणता ते फॉर्ममध्ये लिहा, प्रत्येक घरात वेगळं असतं आणि मूल तोच शब्द वापरतं, आम्हाला कळायला उशीर झाला की संपलंच. इलॅस्टिकची चड्डी घाला, बेल्ट, चेन, नाडी, जंपसूट नको. दप्तरात कपड्यांचा एक जोड आणि एक प्लास्टिकची पिशवी कायम असू दे. ओलं झालं तर मावशी बदलतात, कोणी रागावत नाही, आणि घरी गेल्यावर "आज परत केलीस ना" असं सगळ्यांसमोर काढू नका.

दुसऱ्या मुलाने चावलं तर काय करता? कोणी चावलं ते सांगा.

नाव सांगत नाही. नियम आहे म्हणून नव्हे, तर नाव सांगितलं की ते बिल्डिंगच्या ग्रुपवर जातं आणि तीन वर्षांच्या पोराला सगळे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

नर्सरीत चावणं होतं. "ते माझंय, दे" हे वाक्य तोंडातून यायच्या आधी दात पोचतात. आम्ही आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे जातो, जागा धुतो, बर्फ लावतो, मग चावणाऱ्याला शेजारी बसवून त्याच्या वतीने ते वाक्य बोलून दाखवतो, "गाडी हवी होती ना, मग दे म्हण." जबरदस्तीने सॉरी वदवून घेत नाही, ते सॉरी कोणाच्याच कामाचं नसतं. दोघांच्या पालकांना त्याच दिवशी फोन जातो.

आम्ही मुलांना मारत नाही, कोपऱ्यात उभं करत नाही, वर्गाबाहेर काढत नाही. "ताई, दोन फटके द्या, आमची हरकत नाही" असं सांगणाऱ्या बाबांना आमची हरकत आहे.

आजारी असताना पाठवू का?

ताप असेल तर नाही, आणि औषध न देता २४ तास ताप आला नाही की मग पाठवा. सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाठवलं की अकराच्या सुमाराला अंग परत तापतं, आम्हाला कळतंच. पावसाळ्यात हँड फूट माउथचे फोड येतात, तळहातावर, तळपायावर, तोंडात, ते पटकन पसरतं, तेव्हा डॉक्टर हो म्हणेपर्यंत घरीच. कांजिण्यांत सगळ्या खपल्या धरल्याशिवाय नाही. साधं नाक गळत असेल तर येऊ दे, नाहीतर जून ते सप्टेंबर शाळा बंदच ठेवावी लागेल. उवा झाल्या तर लपवू नका, सगळ्यांना होतात, सांगितलंत तर बाकीचेही त्याच रविवारी केस विंचरून बघतील.

नर्सरीचं पहिलं वर्ष सर्दी-खोकल्याचंच असतं, दुसऱ्या वर्षी बरंच कमी होतं.

मोबाईल दिल्याशिवाय जेवत नाही.

घरी कोणी बंद केला नाही तर आम्ही इथून काही करू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना आहेत, २ ते ४ वर्षांच्या मुलाला बसून स्क्रीन दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी तर अजून बरं. शाळेत मोबाईल नसतो आणि तेच मूल इथे वीस मिनिटांत पोळीभाजी संपवतं, एवढं सांगते आणि थांबते.

आमचा मुलगा अजून नीट बोलत नाही.

काही मुलं उशिरा बोलतात, हे खरं. पण "त्याचे बाबा पण पाच वर्षांचे झाल्यावर बोलले" यावर सोडून देऊ नका. तीन वर्षांचं मूल साधारण तीन-तीन शब्दांची वाक्यं जोडतं आणि बाहेरच्या माणसालाही त्याचं बरंचसं बोलणं कळतं. तसं नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, बोट दाखवून मागत नसेल, तर आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. लवकर गेलेलं कधीच वाईट नाही. आम्ही असं काही दिसलं तर स्वतःहून सांगतो, त्याचा राग मानू नका. मूल आमच्याकडेच राहतं, शाळेतून काढत नाही.

डावखुरी आहे, सवय बदलून घ्याल का?

नाही. डाव्या हाताची कात्री आहे आमच्याकडे. आजींना पटत नसेल तर त्यांना पाठवा, चहा पाजून समजावतो.

गॅदरिंग कधी असतं? ड्रेस भाड्याने घ्यायचा का?

स्टेजवालं गॅदरिंग आम्ही करत नाही. तीन वर्षांच्या मुलाला लाइटखाली उभं केलं की निम्मी रडतात, निम्मी आईला शोधतात, एखादा तेवढा नाचतो, आणि समोर सगळे फोन वर धरून शूटिंग करतात. त्याऐवजी वर्षभर सण करतो. आषाढीला बिल्डिंगला फेरी मारून दिंडी, पायघोळ धोतर पायात येऊन एक विठोबा दर वर्षी पडतो. नवरात्रात भोंडला, खिरापत काय आहे ते ओळखायचं, ते मुलं पहिल्याच मिनिटात फोडतात. संक्रांतीनंतर सगळ्या नर्सरीचं एकत्र बोरनहाण, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा. चॉकलेट-गोळ्या नकोत असं सांगूनही कोणीतरी पिशवीभर आणतंच.

सीसीटीव्हीचं लाइव्ह फोनवर मिळेल का?

कॅमेरे आहेत, लाइव्ह नाही देत. वीस मुलं असतात वर्गात, बाकीच्या एकोणीस घरांनी तुमच्या मुलीला दिवसभर बघत बसावं असं तुम्हालाही नको असेल. शुक्रवारी ग्रुपवर फोटो येतात. आणि "माझ्या मुलीचा फोटो का नाही" असं विचारू नका, ती त्या वेळी पळत असते.

आणायला कोणी वेगळं आलं तर?

फॉर्मवर ज्यांचे फोटो लावलेत त्यांच्याकडेच मूल देतो. सख्खे मामा आले तरी आधी तुम्हाला फोन. मामा रागावतात, रागावू देत. रिक्षाकाका बदलले तर एक दिवस आधी भेट घालून द्या.

जोरात पाऊस असेल तर शाळा असते का?

सकाळी ७ वाजता ग्रुपवर मेसेज टाकतो. जिल्ह्याने सुट्टी जाहीर केली तर सुट्टी. शाळा भरल्यावर पाऊस वाढला आणि गाड्या बंद पडल्या तर घाबरू नका, ट्रॅकमधून चालत येऊ नका, आम्ही मुलांना घेऊन थांबतो, खिचडी टाकतो. जवळपास राहणाऱ्या एका तरी माणसाचा नंबर म्हणूनच फॉर्ममध्ये मागितलाय. तिथे "सेम अ‍ॅज अबोव्ह" लिहू नका, तुम्ही दोघंही सीएसएमटीला असता.

फी किती आणि कागदपत्रं काय?

फी वर्षाची ठरते, तीन हप्ते, सगळ्यांना सारखी, डोनेशन नाही. या वर्षीचा आकडा ऑफिसच्या बोर्डावर आहे, फोनवरही सांगतो. कागदपत्रांत जन्मदाखल्याची प्रत, आधार काढलं असेल तर त्याची, लसीकरणाचं कार्ड, मुलाचे दोन फोटो, ने-आण करणाऱ्या प्रत्येकाचा एक फोटो, आणि घरातल्या सगळ्यांचा मिळून एक. हा शेवटचा पोस्टकार्डएवढा आणा, मुलांच्या उंचीला भिंतीवर लावायचा असतो. मोबाईलवरचा फॉरवर्ड करू नका, छापूनच आणा. ऑफिस सोमवार ते शुक्रवार, १२ ते १.